टोकनापुढचं शून्य

सर, त्या सकाळी पिंपळे गुरवच्या खोलीत मी नळाचं पाणी भरलं, चार भाकऱ्या थापल्या आणि तवा तापेपर्यंत तुम्ही टाइप करून दिलेली पानं पुन्हा वाचली. पिठाची बोटं त्या पानांवर अजून आहेत. अडलेला इंग्रजी शब्द कोशात शोधून समासात मराठीत लिहायचा, अशी माझी शाळा. कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी तुम्ही केलेली ती भाषा एवढीशी होती. माहिती चारच प्रकारची: अंक, अक्षरं, खरं-खोटं आणि रिकामं. बेरजेचं चिन्ह, बरोबरीचं चिन्हसुद्धा मशीनला आपणहून येत नसे. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर असे; पहिल्या कार्डावर ती चिन्हं मागवावी लागत. अंकांची वेगळी, अक्षरांची वेगळी. "मशीन कोरं असतं, बाई," तुम्ही म्हणायचात, "काय लागणार ते आधी बोलवा, मग काम सांगा." मला हे इतकं आवडलं होतं, की मेथी निवडतानाही मी मनातल्या मनात चिन्हं मागवत बसे.

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या माघारी मी त्याच कंपनीत कार्डं पंच करत होते. कंपनीच्या बसमध्ये कोणाकोणाला जागा, ती यादी माझ्या प्रोग्रॅमने बरोबर काढली, तर तुम्ही मला पंचिंगवरून तुमच्या हाताखाली घेणार होता. यादी आदल्या संध्याकाळी बोर्डावर लागली होती. भाकऱ्या बांधून मी गेटवर पोचते, तर बोर्डापाशी ही गर्दी, हा हशा.

"ताई, मला शून्य लागलं व्हय?" एक हंगामी कामगार ओरडतो. आपल्याकडे माणूस कायम झाला की त्याला शून्यापासून सुरू होणारं टोकन मिळायचं. ४१७ हंगामी, ०४१७ कायम, माणसं दोन. बस फक्त कायमवाल्यांना. "आज खिडकीपाशी बसून आलो! पेढे कुठनं आणू?"

"पेढे ऱ्हाऊ दे, राव," ०४१७वाला म्हणतो, "रहाटणीपासनं पायी आणलंस मला!"

मॅनेजरसाहेब तुमच्याकडे वळले. "सांगितलं होतं, पंचिंगच्या बाईंना हे जमायचं नाही."

"भाषा मी केलीय, साहेब," तुम्ही म्हणालात. "दोष भाषेचा आहे."

आणि नेमकं तेव्हाच मला कळलं! मी टोकन अंक म्हणून दिलं होतं, चिन्हंही अंकांची मागवली होती. अंकाला पुढचं शून्य कळतच नाही. मशीनने ०४१७चं नुसतं ४१७ छापलं, दोन माणसांचा एक माणूस केला. टोकनाची कोण बेरीज करतं? ते माणसाच्या नावासारखं, म्हणजे अक्षरं! वाटलं, तिथेच उडी मारावी. आज लिहितानाही तो आनंद ताजा आहे.

पण चूक माझी आहे, हे मी सांगितलं नाही. ज्या शून्याची ह्यांनी सात वर्षं हंगामी राहून वाट पाहिली आणि जे न लागताच ते गेले, ते मीच पुसलं होतं. शिवाय बोलले असते तर तुमच्या हाताखालची जागा गेली असती, हेही खरं. आता तुम्ही जाऊनही वीस वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी कार्डं बदलली, टोकन अक्षरं म्हणून दिलं, यादी बरोबर काढली आणि तुमच्यासमोर ठेवून म्हटलं, "आता तुमची भाषा नीट चालतेय, सर."