एकोणचाळीस इंची ओटा

तीर्थरूप मामास,

साष्टांग नमस्कार. (घरभर दगड कापल्याची धूळ आहे आणि ती माझ्या आठही अंगांना लागली आहे, तेव्हा नमस्कार शब्दशः साष्टांग समजावा.) मी ठीक आहे. तुझी पाठ कशी आहे? "बरी आहे" असं मोघम उत्तर चालणार नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलास की दुखते का, हो किंवा नाही, एवढंच कळव.

रविवारी फोनवर तू हसलास. एक ओटा निवडायला सहा आठवडे कसे लागतात, तेवढ्यात लोक लग्नं ठरवून मोकळे होतात, असं म्हणालास आणि मी उत्तर देईपर्यंत "बिल वाढेल" म्हणून फोन ठेवून दिलास. (आता मिनिटामिनिटाचं बिल येत नाही, हे तुला किती वेळा सांगू?) म्हणून हा लेखी खुलासा. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या घरात दोन खोल्या आहेत आणि दुसरी रिकामी आहे, हे मी तुला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू "बघू" म्हणालास. चौथ्यांदा विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. विषय फक्त ओटा.

दगडाच्या दुकानात लाद्या कपाटांच्या दारांसारख्या उभ्या करून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यामधून दुकानाच्या बाई आपल्याला लग्नाच्या स्थळांसारख्या एकेक दाखवत नेतात. हा खाणीतला ग्रॅनाइट, हा संगमरवर, हा कारखान्यात केलेला क्वार्ट्झ. (क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा राळेत कालवून दाबलेली लादी. दिसायला निर्दोष, आणि निर्दोष गोष्टींबद्दल मला धंद्यापुरता संशय असतोच. मी दिवसभर काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून कधी फुटतात ते लिहून ठेवते, हे तुला ठाऊक आहे.) मी आठ नमुने मागून घेतले आणि घरी रीतसर चाचणी केली. प्रत्येकावर चहा, लिंबाचा रस, बीटाचं पाणी आणि तेल, चोवीस तास. संगमरवराची चकाकी लिंबाने घालवली. फिकट ग्रॅनाइटने बीट पिऊन टाकलं. क्वार्ट्झला काहीही झालं नाही. फडकं फिरवलं की जसाच्या तसा. इथे निर्णय व्हायला हवा होता. मी एकटी राहते, चहा करते, ब्रेड भाजते आणि ओटा पुसते. मला क्वार्ट्झच हवा, हे आकडेच सांगत होते.

पण मी शेवटची चाचणी केली. कढई तापवली आणि खाली काही न घेता थेट लादीवर ठेवली. काळ्या ग्रॅनाइटने दखलही घेतली नाही. क्वार्ट्झवर बशीएवढं पिवळं कडं उमटलं, ते जाईना. नमुने परत द्यायला गेले तर बाई ते कडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "ताई, नमुने सहसा कुणी परत आणत नाही, आणि आणलेच तर जाळून आणत नाही." मग समजुतीने म्हणाल्या, गरम भांड्याखाली लाकडी चकती ठेवायची, झालं. मी म्हटलं, घरातली माणसं ठेवत नाहीत. "कोण कोण आहे घरात?" मी म्हटलं, मी. "मग स्वतःलाच जरा दटावा की," म्हणाल्या. (तुला चकत्या मी स्वतः आणून दिल्या होत्या, चार. त्यातली एक तू डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलीस, बाकीच्यांचं काय केलंस देव जाणे. कढई तू थेट ओट्यावरच आपटत आलास.) तर मी काळा ग्रॅनाइट घेतला. कारण एवढंच की तो उष्णतेला टिकतो.

खरा घोळ पुढे झाला. दगड बसवणारे मिस्त्री आले, पेन्सिल कानावर, आणि न विचारता भिंतीवर तेहेतीस इंचावर रेघ मारायला लागले. मी म्हटलं, थांबा, उंची कशावरून ठरवलीत? म्हणाले, "सगळ्यांचा तेहेतीसच असतो." मी त्यांना समजावलं की ओटा सगळ्यांचा नसतो, तो कोपरावरून काढायचा असतो, कोपराच्या पाच इंच खाली. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मग सांगा कोपर." मी सांगितलं: चव्वेचाळीस. वजा पाच, एकोणचाळीस. त्यांनी रेघ मारली, दोन पावलं मागे सरकले, रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रेघ माझ्या कोपराच्याही वर होती. "बाई," ते म्हणाले, "हे कोपर तुमचंच ना?"

मी आकड्यात चुकत नाही, मामा. पण चव्वेचाळीस हा आकडा मला पाठ आहे. मी दहा वर्षांची असताना तू मला मोजायची फीत आणून दिलीस. मी दिवसभर घर मोजलं आणि घर संपल्यावर तुला मोजायला घेतलं. (माझं नाव त्या दिवशीच बदललं.) तू कांदा चिरत होतास. मी म्हटलं सरळ उभा राहा, तर म्हणालास, "सरळ उभा राहिलो तर कांदा दिसत नाही गं." तो ओटा एकतीस इंचांचा, आईच्या मापाचा. आई गेल्यावर तू दोन महिन्यांसाठी म्हणून आलास आणि अठरा वर्षं त्या ओट्यावर वाकून मला जेवायला घातलंस. तो उंच करून घ्यायचा विषय एकदाही काढला नाहीस. (का, ते विचारत नाही. मला माहीत आहे.)

रेघ पेन्सिलीची होती, पुसता आली असती. मिस्त्रींनी फडकं पुढेही केलं. मी म्हटलं, राहू द्या. ओटा काल बसला. सांधा कुठे आहे ते नखालाही कळत नाही. सिंक उजवीकडे आणि मोकळी जागा डावीकडे आली आहे. (डावखुऱ्या माणसाला ते सोयीचं पडेल, पण पाइप तिकडून जवळ होता, इतकंच.) औषधं वेळेवर घे. कळावे.

तुझी,
मोजपट्टी

ता. क. वर "ओटा काल बसला" एवढंच लिहिलं, ते पुरेसं नाही. ओट्यापुढे माझे हात पोहणाऱ्या माणसासारखे वर येतात. सध्या मी दोन विटांवर उभी राहून चहा करते.

आणखी ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तिकडे आपल्या सिंकखाली निळं ठेंगणं स्टूल आहे, ज्यावर उभी राहून मी तुझ्या शेजारी भांडी विसळायचे. उंची साडेपाच इंच. मला इथे नेमकं तेवढंच हवं आहे. बाजारात बघितली, सगळी एक तर आठ, नाही तर बारा. ते पाठव. कुरिअरने नको, त्याचा एक पाय आधीच सैल आहे. हातानेच आणावं लागेल. बसमध्ये मांडीवर मावतं.

शेवटचं ता. क. "बघू" म्हणू नकोस. विटा हलतात.