शांतीचं फुलपात्र

नागपूर, १२ मे १९७९, संध्याकाळ

आईला आज सांगायला नको होतं. पण जेवताना तिनंच विचारलं, "तू त्या लॅबमंदी काय करून राहिली वं?"

हैज्याचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू, म्हटलं. तो आतड्याच्या पेशींत शिरतच नाही. बाहेर चिकटून बसतो आणि एक प्रथिन सोडतो. ते आत शिरतं, मग पेशी अंगातलं पाणी बाहेर ओतत सुटतात. पण मरत नाहीत. मीठ-साखरेचं पाणी दिलं तर शोषून घेतात. बोलण्याच्या भरात होते मी, आणि समोर शांतीचं फुलपात्र दिसलं.

माझी धाकटी बहीण. सावनेरला तिला हैजा झाला, तेव्हा सगळे म्हणाले, पाणी देऊ नका, जुलाब वाढतील. ती फुलपात्राकडे बोट दाखवत राहिली. तेव्हापासून आई पानं वाढताना आधी ते भरते. मी कधी का म्हणून विचारलं नाही. काय विचारणार? असती तर आज पहिल्या गरम पोळीवरून माझ्याशी भांडली असती.

"मंग तिले पाणी द्याले पाहिजे होतं?"

"तेव्हा आपल्याला कुठं माहीत होतं, आई." खरंच आहे. तरी हातातला घास परत पानात ठेवला.

आई उठली, मीठ-साखरेचे डबे घेऊन आली. "किती टाकू, सांग."

सांगितलं. तिनं फुलपात्रातलं पाणी ढवळलं, बोटानं चाखलं.

"गोड लागते वं," ती म्हणाली. "पेली असती."