धोंडूच्या नावावरचं मत

ता. २ जाने. १९२६, शनि.
हात अजून झिणझिणतोय. पालीच्या बंड्याला चार फोक दिले. गुन्हा: ट्रंकेत खादीऐवजी मिलचं धोतर सापडलं. रडला नाही, पण तिसऱ्याला खाली बसला. भाल्या म्हणाला, उठव. उठवला.
इथे मास्तर हात उगारत नाहीत. आचार्यांना त्याचा केवढा अभिमान! पाहुणा आला की आधी हेच ऐकवतात, आमच्या विद्यापीठात छडी नाही, मुलांची पंचायत आहे. बरोबरच आहे. छडी नाही, चिंचेचा फोक आहे, आणि तो आम्हा पाच पंचांच्या हातात आहे. भाल्या सरपंच. दसऱ्याला मला पंच निवडलं तेव्हा घरी पत्र पाठवून फुशारकी मारली होती.
बंड्याला मारताना वाईट वाटलं नाही. नंतर जेवताना वाटलं, तेही थोडंच.
संध्या. अभिप्राय. दर शनिवारचं आमचं व्रत. बेचाळीस जणांनी इथल्या जीवनाबद्दलचं मत चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, तांब्याच्या घंगाळात टाकायचं. प्रार्थनेनंतर आचार्य एकेक वाचतात. ‘निर्भयपणे लिहा, मुलांनो.’ निर्भयपणे सगळ्यांनी तेच लिहिलं. येथे येऊन आयुष्यास दिशा मिळाली. सूतकताईने चित्त स्थिर होते. एकाने लिहिलं, कुळथाचं पिठलं आठवड्यातून चारदा फार होतं. सगळे हसले, आचार्यही हसले. तेवढीच निर्भयता.

ता. ५, मंगळ.
टकळी १ तास. भूमिती धोंडूने समजावली, नाहीतर माझी धडगत नव्हती. धोंडू संगमेश्वराकडचा कुणब्याचा. बाप मुंबईस गिरणीत. इथे सगळ्यांत हुशार तोच, हे भाल्यासुद्धा जाणतो. म्हणून तर जळतो शिंचा.

ता. ८, शुक्र.
आज जे झालं ते लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.
दुपारची पंगत. आम्ही माजघरात. धोंडू आणि आणखी दोघे कुणब्यांचे, त्यांची पानं मागच्या पडवीत, पहिल्या दिवसापासून. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायची सोय नाही. सोवळ्यातल्या आचाऱ्याची अडचण, असं आचार्य म्हणतात. आज पडवीत पाणी आलं नाही. धोंडू तांब्या भरायला आत आला. भाल्या आमटी वाढत होता. वळला आणि अख्खी पळी त्याच्या पायावर. उकळती. धोंडूच्या हातातून तांब्या सुटला आणि घरंगळत माझ्या पानापाशी येऊन थांबला.
भाल्या म्हणाला, धक्का लागला. धक्का कसला! मी समोर बसलो होतो.
मी पंच. मी काय केलं? तांब्या उभा केला, आणि जेवलो.

ता. ९, शनि., सकाळ
ठरलं. आज खरं लिहायचं.
अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. माझी दौत काल मांजराने सांडली, म्हणून धोंडूची घेतली. लिहिलं ते असं: ‘समतेचे पाठ दिवाणखान्यात आणि तीन पाने मागच्या पडवीत. ज्यांना आपण पडवीत बसवतो त्यांच्या पायावर आमटी ओततो आणि धक्का म्हणतो. हे विद्यापीठ नव्हे, सोवळ्याची खानावळ आहे.’
शेवटच्या वाक्यावर बेहद्द खूश आहे. धोंडूने विचारलं, कुणाला लिवतोयस? म्हटलं, घरी. तो हसला. पाय अजून बांधलेला आहे.

तीच तारीख, प्रार्थनेनंतर
आचार्यांनी चिठ्ठी वाचली. आधी मनात, मग मोठ्याने, मग पुन्हा मोठ्याने. कानशिलं लाल. म्हणाले, टीकेचा राग नाही, भ्याडपणाचा आहे. लिहिणाऱ्याने उभं राहावं.
कोणी उभं राहिलं नाही. मीही नाही.
मग भाल्या पुढे झाला. चिठ्ठी मागून घेतली, खिडकीपाशी नेली. ‘आचार्य, ही शाई तांबूस आहे.’
मेलो. विलायती शाई इथे बंद, ज्याची त्याने करायची. आम्ही सगळे हिरडे आणि गंजके खिळे उकळतो, ती काळी होते. धोंडूची आई त्याला घरून काथ पाठवते, तो काथाची करतो, ती पानाच्या पिंकेसारखी होते. अख्ख्या विद्यापीठात ती एकाच दौतीत. डावा हात वापरण्याएवढी अक्कल चालवली आणि शाई विसरलो. गाढव!
सगळ्या माना धोंडूकडे वळल्या.

ता. १०, रवि.
पंचायत बसली. धोंडू उभा. आरोप: विद्यापीठाची निंदा, आणि विचारल्यावर कबूल न होणे. तो एकदाच म्हणाला, मी लिवलं नाय. भाल्याने विचारलं, मग दौत कुणाला दिली होतीस? मी समोरच बसलो होतो, हात मांडीखाली दाबून. धोंडू जमिनीकडे बघत होता. म्हणाला, कुणालाच नाय.
शिक्षा पंचवीस. पाच पंच, प्रत्येकी पाच. उजव्या हातावर, कारण लिहिलं त्या हाताने.
तेव्हा बोलायला हवं होतं. मनात म्हणत होतो, पहिल्या पाचांनंतर बोलतो, मग म्हटलं, दुसऱ्या पाचांनंतर. माझा नंबर चौथा. तोवर तळव्याची कातडी फाटली होती, फोक ओला झाला होता. भाल्या म्हणाला, ‘वासू, हळू मारलेला मी मोजणार नाही.’
मी जोरात मारला. हळू मारला तर संशय येईल, हे डोक्यात. दुसरा मारतेवेळी त्याने मूठ मिटली, बोटांवर बसला. कट्‌ झालं. ऐकू आलं सगळ्यांना. तरी उरलेले तीन मारले.
माझे पाच पूर्ण. भाल्याने मोजले.

ता. ११, सोम.
वैद्यबुवा आले. करंगळी आणि शेजारचं बोट मोडलंय. बांबूच्या कांबट्या लावून बांधलं. सुजेने हात कोहाळ्याएवढा. बुवांनी विचारलं, कसं रे झालं? आचार्य म्हणाले, मुलांची पंचायत आहे.
जेवलो नाही. दुपारी भूक लागली, जेवलो.

ता. १३, बुध.
आज धोंडूशी बोललो. विहिरीपाशी एकटा होता, डाव्या हाताने पोहरा ओढायला बघत होता. मी दोर हातातून घेतला. म्हटलं, मी आचार्यांना सांगतो. तो पोहऱ्याकडे बघत राहिला. म्हटलं, रे, मी तुझ्याचसाठी लिहिलं होतं. तेव्हा बोलला.
‘लिवलंस ते खरं हाय. पन माज्यासाठी लिवायचं तर मला इचारायचं व्हतंस.’
एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. त्याच्या पायाचं, त्याच्या पानाचं मी लिहिलं, त्याच्या शाईने लिहिलं, आणि खूश झालो ते स्वतःच्या वाक्यावर. म्हटलं, मग त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस? म्हणाला, घेतलं असतं तर कोण मानणार व्हतं.
पाणी भरून दिलं. तेही घेईना आधी.

ता. १४, गुरु., संक्रांत
बोटांच्या सांध्यांवर भाल्याचे दात उमटलेत. बरं झालं.
सकाळी तिळगूळ. आचार्यांनी सगळ्यांना वाटायला लावला, तंटा मिटावा म्हणून. भाल्या वाटी घेऊन पडवीत गेला. मी मागेच होतो. धोंडूने डावा हात पुढे केला. भाल्या म्हणाला, सणाला डावा हात? आणि त्याचा बांधलेला उजवा हात धरला, तळव्यावर वडी ठेवली, आणि वरून मूठ आवळली. ‘तिळगूळ घे, गोड बोल.’ धोंडू गुडघ्यावर आला. कांबटी मोडल्याचा आवाज झाला.
पुढचं तुटक आठवतं. पडवीतला पितळी तांब्या माझ्या हातात होता. तो भाल्याच्या तोंडावर बसला. नाक गेलं. तो माझ्या मुठीला चावला, मी त्याचं डोकं जांभ्याच्या पायरीवर आपटलं, एकदा नाही. चौघांनी ओढून काढलं मला. माझ्या सदऱ्यावर रक्त, त्यात तीळ चिकटलेले. मी ओरडत होतो, मी लिहिलं, मी लिहिलंय ते, मला मारा. मारताना बरं वाटत होतं. ते थांबायला नको होतं, इतकं बरं वाटत होतं. भीती वाटते आता त्याची.
भाल्याला सरकारी दवाखान्यात नेलंय. शुद्धीवर आहे म्हणतात.

ता. १५, शुक्र.
सगळ्यांसमोर कबूल झालो. डाव्या हाताने लिहिलं, दौत धोंडूची घेतली, सगळं सांगितलं. म्हटलं, माझे पंचवीस मला द्या.
आचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उठले, मला मिठीत घेतलं! म्हणाले, बघा मुलांनो, मित्राचा अपराध स्वतःवर घेणारा. हाच त्याग. भाल्याच्या नाकाबद्दल तीन दिवस उपास कर, तेवढं प्रायश्चित्त पुरे.
मी म्हटलं, त्याग नव्हे हो, खरं आहे हे. ते म्हणाले, त्याग करणारा असंच म्हणतो.
हात उचलून मुस्काटात द्यावीशी वाटली. आचार्यांच्या. लिहून ठेवतो.
मग त्यांनी धोंडूला उभं केलं. मायेने विचारलं, बाळ, तूच सांग आता. कोणी लिहिलं? मला वाटलं, सुटलो. तो माझं नाव घेईल, माझ्या पाठीवर फोक बसतील, संपेल एकदाचं.
धोंडू म्हणाला, ‘मी लिवलं.’
मी ओरडलो, खोटं बोलतोय! त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
‘मार मी खाल्लाय. आता ते मत माजं हाय. कुणाला देनार नाय मी.’
आणि चिठ्ठीतलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, शब्दन्‌ शब्द, सोवळ्याच्या खानावळीपर्यंत. दोनदाच तर ऐकलं होतं त्याने. पडवीतले दुसरे दोघे उठून त्याच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्याकडे मी आजवर नीट बघितलंही नव्हतं.
आचार्यांनी निकाल दिला. लिहिल्याबद्दल नाही हो, मतस्वातंत्र्य आहे इथे. आधी खोटं बोलल्याबद्दल. नाव कमी.

ता. १६, शनि.
अभिप्रायाचा दिवस. घंगाळ ठेवलं होतं. बेचाळीसातला एक दवाखान्यात, एकाचं नाव कमी. मी चिठ्ठी टाकली नाही. पडवीतल्या दोघांनीही नाही. आचार्यांनी पस्तीस वाचल्या. आयुष्यास दिशा मिळाली. छत्तिसावी मनात वाचली, घडी करून खिशात ठेवली. सदतिसावी कोणी टाकलीच नव्हती. ती बंड्याची असावी, चूळ भरतो सांगून तो अर्ध्यातच बाहेर गेला.
पोटात उपास. डोक्यात तोच आवाज, कट्‌.

ता. १८, सोम.
धोंडू आज गेला. त्याची वळकटी मी उचलली, तो नको म्हणाला नाही. हातखंब्यापर्यंत चालत गेलो. वाटेत बागांना मोहोर. त्याचा पाय अजून लंगडतो.
तिठ्यावर त्याच्या गावची गाडी मिळेपर्यंत बसलो. म्हटलं, मला मार. त्यानं तुझं काही भरून येणार नाही, पण मार. तो म्हणाला, तुला मार खायाचाय म्हून मी मारू? ह्येही तुझ्यासाठीच की.
मग म्हणाला, कागद हाय का? बापाला कळवायला हवं, मला लिवता येत नाय. तू लिव.
तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. विद्यापीठातल्या जेवणाच्या पंगतीबद्दल मी मत लिहिले, त्यावरून नाव कमी झाले. ‘मी’ लिहिताना लेखणी अडली. त्याने बघितलं, थांबला, मी लिहिल्यावर पुढे सांगितलं. शेतावर राहीन, पण नांगर धरवेल की नाही सांगता येत नाही. गिरणीत ये म्हणाल तर साच्यावर असला हात घेतील का, विचारून कळवा. वाईट वाटून घेऊ नका, मी लिहिले ते खरे होते.
शेवटी म्हणाला, लिव, माझी दोन बोटं मोडली. आणि गाडी आली. गाडीवान हाका मारू लागला. मी विचारलं, पुढे काय लिहू? कशी मोडली ते?
तो गाडीत चढला. वळकटी डाव्या हाताने ओढून घेतली.
‘ते तू लिव. तुला ठावं हाय. आनि टाक पोष्टात.’
गाडी वळणाआड गेली तरी मी उभा होतो.

ता. २०, बुध.
काल टाकलं नाही, आज टाकायचं आहे. पोस्टात दुपारी पेटी उघडतात. आता अकरा वाजलेत.
‘अपघाताने’ लिहून बघितलं, खोडलं. ‘पंचायतीने’ लिहिलं, तेही खोडलं. त्याचा बाप काही मला ओळखत नाही. चाळीतला कोणी शेजारी वाचून दाखवेल, दहा जण ऐकतील, माझं नाव त्यांना नुसतं नाव. तरी हात चालत नाही. खोडाखोड फार झाली, नवा कागद घेऊन सगळं पुन्हा उतरवलं.
तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि. इथपासून सगळं झालंय. शेवटची ओळ अशी आहे: ‘माझ्या उजव्या हाताची दोन बोटे मोडली. ती