धामणीच्या धनुष्याची पाठ

चाचा, तुम्ही गेलात त्याला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. मी अजून कतारलाच आहे. मुलाने मुऐदरला घर भाड्याने घेतलंय, त्याच्याकडे असतो. नातवंडं माझं मराठी नीट ऐकून घेतात आणि उत्तर इंग्रजीत देतात, आणि आमचं त्यात बरं चाललेलं असतं. गेल्या आठवड्यात धाकट्या नातीने विचारलं की आजोबा, तुम्ही इथे आलात तेव्हा काय काम करत होतात. मी म्हटलं, क्लार्क होतो. ती पुढे काही विचारायला थांबली नाही. मी मात्र थांबलो, आणि तेव्हापासून तुमची आठवण डोक्यातून गेलेली नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मी दोह्यात उतरलो. आपल्या कंपनीचा तो सुतारकामाचा कारखाना: पत्र्याची लांब शेड, एका टोकाला माझं टेबल, दुसऱ्या टोकाला तुमचं. दारं, खिडक्या, ऑफिसांची काउंटरं तिथे व्हायची. तुम्ही तिथले मोठे मिस्त्री. त्याआधी दहा-बारा वर्षं अल वक्र्याला मच्छीमारांची गलबतं दुरुस्त करून आलेले, मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचे. तुम्हाला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. घरून पत्र आलं की तुम्ही ते शुक्रवारपर्यंत न फोडता खिशात ठेवायचात. शुक्रवारी नमाजावरून येऊन तुम्ही कॅम्पच्या स्वयंपाकघरात कोकम घालून बांगड्याचं कालवण करायला घ्यायचात, आणि मी स्टुलावर बसून चाचींचं पत्र वाचायचो. पळी हातात धरून तुम्ही उभ्याने ऐकायचात. कुणाला ताप आला, कुणाचं लग्न ठरलं, विहिरीला पाणी किती आहे. एकदा ऐकून झालं की म्हणायचात, "मुन्शी, परत वाच." खरंच असं लिहिलंय का, हे मात्र तुम्ही कधी विचारलं नाही.

धनुष्याचं काम आलं ते वक्र्याच्या त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून. तुम्ही कधीकाळी त्याचं गलबत केलं होतं. तरुणपणी तो मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला राहिलेला, त्यामुळे हिंदी चांगलं बोलायचा. घरातल्या एका खोलीत त्याने जुन्या तलवारी, खंजीर, ठासणीच्या बंदुका लावल्या होत्या. भिंतीवर एक जागा रिकामी होती. तिथे त्याला धनुष्य हवं होतं, बंदुका यायच्या आधीच्या शेकडो वर्षांत अरब लोक वापरायचे तसं. आणि ते नुसतं शोभेचं नको होतं, बाण सुटला पाहिजे. त्याच्याकडे बसायला एक शाळामास्तर यायचे. त्यांनी जुनी अरबी पुस्तकं वाचलेली. ते म्हणाले, जुन्या लोकांचं उत्तम धनुष्य नबअ नावाच्या झाडाचं. ते झाड एकच, पण नावं तीन: डोंगरमाथ्यावर उगवलं तर नबअ, उतारावर उगवलं तर दुसरं, पायथ्याला तिसरं. माथ्यावरचं लाकूड सगळ्यात चिवट, पिवळट आणि जड. कतारात डोंगर नाही, त्यामुळे त्या बैठकीतल्या कुणीही ते झाड पाहिलेलं नव्हतं. तुम्ही कॉफीचा कप खाली ठेवून विचारलंत की त्याच्या सालीचे दोर वळतात का, आणि पोरं त्याची बारकी आंबट फळं खातात का. मास्तर म्हणाले, असावं, असं काहीतरी वाचलंय. परत येताना गाडीत तुम्ही मला म्हणालात, "धामण हाय ती. आमच्या डोंगरावर हाय. कावडीचा दांडा दुसऱ्या कशाचा कुणी करीत नाय."

ते झाड आणि आपली धामण एकच की नात्यातली, हे मला आजही नक्की माहीत नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही वेगळेच झालात. कारखान्यातल्या सात वर्षांत काउंटर आणि चौकटी सोडून तुमच्या हातात काही आलं नव्हतं. तुम्ही मला घरी पत्र लिहायला लावलंत, त्यात झाड कुठल्या बाजूचं, केवढ्या जाडीचं, कोणत्या महिन्यात तोडायचं हे सगळं सांगितलंत. चार महिन्यांनी तुमचा मेहुणा मुंबईच्या बोटीने आला तो गोणपाटात गुंडाळलेले दोन उभे चिरलेले ओंडके घेऊन. टोकांना तुम्ही रंग फासलात, म्हणजे तिथून लाकूड लवकर सुकून तडकणार नाही, आणि स्टोअरच्या सावलीत आढ्याला टांगून ठेवलेत. इथली हवा लाकडाला भाजून काढते म्हणायचात. रोज सकाळी हजेरी लावायच्या आधी तुम्ही त्यांना हात लावून यायचात.

कंपनीत एक इंग्रज इंजिनिअर होता, त्याला मायदेशी धनुष्यबाणाचा छंद. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्याने एका पुस्तकातल्या आठ-दहा पानांच्या फोटोकॉपी मला आणून दिल्या. मध्ययुगात त्यांच्या देशात यू नावाच्या झाडाची पुरुषभर उंचीची धनुष्यं करत, ते मिळालं नाही तर एल्म आणि अ‍ॅशची, याची सगळी माहिती त्यात होती. तो म्हणाला, लाकूड कुठलंही असो, नियम हेच. मग जेवणाच्या सुट्टीत मी पानं वाचायचो आणि मराठी-हिंदीत सांगायचो. तुम्ही लाकडाच्या भुशावर मांडी घालून बसायचात, मागे पाच-सहा सुतार उभे असायचे. चाचा, ते मला आवडायचं. माझं इंग्रजी म्हणजे इन्व्हॉइस आणि हजेरीपत्रकाचं. पण त्या शेडमध्ये तेवढंही कुणाला येत नव्हतं.

नियम असा होता की धनुष्याच्या 'बॅक'ला हत्यार लावायचं नाही. साल काढून आतलं वर्षाचं एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवायचं, आणि जे काय तासायचं ते दुसऱ्या बाजूने. मी वाचलं आणि सांगितलं, पाठ तासायची नाही. तुम्ही विचारलंत, पाठ म्हणजे कुठली बाजू? पाठ म्हणजे मागची, आणि धनुष्य धरलं की त्याच्या मागे धरणारा असतो, असा हिशेब करून मी सांगितलं, माणसाकडची.

तुम्ही हातातली कामटी वाकवून बघत होतात. "मुन्शी, नीट बघ. फळी वाकवली की बाहेरून फाटते, आतून नाय. मग जपायची ती बाहेरची बाजू."

"चाचा, हे होडीचं काम नाही," मी म्हटलं. "हे पुस्तकात लिहिलंय."

मागे कुणीतरी हसलं. तुम्ही कामटी खाली ठेवलीत.

"लिहिलंय ना? मग झालं."

त्यानंतर दीड महिना तुम्ही त्या लाकडाला वाहून घेतलंत. सालीखालचं गुळगुळीत वलय तुम्ही जसंच्या तसं राखलंत आणि ते आतल्या बाजूला घेतलंत. बाहेरची बाजू आधी वाकसाने, मग रंध्याने आणि शेवटी काचेच्या तुकड्याने अशी उतरवलीत की हात फिरवला तर कुठे थांबत नव्हता. वर तेल चोळलंत. इतकी सुंदर वस्तू त्या शेडमधून बाहेर पडली नसेल. उरलेल्या तुकड्याची तुम्ही मला टेबलावर ठेवायला फूटपट्टी करून दिलीत, तिच्यावर इंच सुईने कोरलेले. आकडे मी लिहून दिले होते, ते बघून तुम्ही गिरवलेत.

हिवाळ्यातली दुपार आहे. वक्र्याच्या घराच्या अंगणात गालिचे घातलेत. व्यापारी, त्याचे मुलगे, शाळामास्तर, इंग्रज इंजिनिअर, आपले मॅनेजर, सगळे आहेत. व्यापारी हात पुढे करतो, तुम्ही त्याला थांबवता. नवं गलबत पाण्यात घातलं की पहिल्यांदा करणाऱ्याने बसायचं, असं तुम्ही हिंदीत सांगता, आणि तो हसून मान डोलावतो. तुम्ही दोरी चढवता. बाण लावून ओढता, अर्ध्यापर्यंत, मग त्याच्याही पुढे. आवाज फार मोठा नाही झाला. बाहेरच्या बाजूने लाकडाची एक ढलपी उचकटली आणि वरचा अर्धा भाग तुटून तुमच्या डाव्या भुवईवर बसला. तुम्ही खाली बसलात. रक्त डोळ्यात गेलं होतं. व्यापाऱ्याने मुलाला पाणी आणायला पाठवलं आणि तुटलेल्या तुकड्याकडे बघत हळूच म्हणाला, "खलास." त्याच्या आवाजात राग नव्हता. मॅनेजरने विचारलं, कशामुळे तुटलं? रुमाल धरून तुम्ही म्हणालात, "काम माझं, चूक माझी." मी तुमच्या शेजारी उभा होतो.

सात टाके पडले. मॅनेजरला पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागली होती. पुढच्या महिन्यापासून त्याने तुम्हाला शटरिंगवर टाकलं. खांबांच्या साच्यांना फळ्या ठोकायच्या, काँक्रीट सुकलं की उपटायच्या. तो बदलीचा कागद मीच टाइप केला.

त्याच आठवड्यात ती पानं परत करायची म्हणून मी नीट लावायला घेतली. शेवटच्या पानावर एक आकृती होती. मी वाचून दाखवताना तिथपर्यंत कधी पोचलोच नव्हतो. धनुष्य धरलेला माणूस, आणि बाण. माणसापासून दूरच्या, बाहेरच्या बाजूला लिहिलं होतं, 'बॅक'. त्याच्याकडच्या बाजूला लिहिलं होतं, 'बेली'. मी ते पान इतरांमध्ये सरकवलं, टाचणी लावली आणि गठ्ठा इंजिनिअरला देऊन आलो. मॅनेजरची केबिन वाटेतच होती.

तुम्ही दहा महिने शटरिंग केलंत, मग करार संपल्यावर घरी जायचं ठरवलंत. जायच्या आदल्या शुक्रवारी तुम्ही नेहमीसारखं कालवण केलंत. पत्र वाचून झालं होतं. तुम्ही विचारलंत, "मुन्शी, त्या कागदात पाठीबद्दल आणखी काय लिहिलं होतं काय?"

मी म्हटलं, "नाही चाचा."

"मग लाकडातच खोट असंल," तुम्ही म्हणालात. "आमची धामण तेवढी चांगली नसंल."

मला त्या वेळी वाटलं होतं की खरं सांगितलं तर चाचींच्या पत्रांतलं मी काय काय चुकीचं वाचलं असेल, हे तुमच्या मनात येईल, आणि ते तुमच्या डोक्यातून कधी निघणार नाही. पुढची कित्येक वर्षं हे कारण मला पुरलं. ते खोटं नव्हतं, पण नंतर सुचलेलं असावं. तुम्ही घरी परतल्यावर पाच वर्षांनी, तुम्ही वारल्याचं तुमच्या मेहुण्याने सांगितलं. त्याने असंही सांगितलं की गावी परतल्यावर तुम्ही धामणीला हात लावला नाहीत. कुणी कावडीचा दांडा करून मागितला तर दुसरं लाकूड आणा म्हणायचात.

लाकडात खोट नव्हती, चाचा. तुम्ही कामटी वाकवून जे म्हणालात तेच बरोबर होतं, पुस्तकातही तेच होतं. हे पत्र धाडायचं तर तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे, तो त्याच गावात राहतो. मी ते धाडणार नाही. धाडलं तर त्याला इतकंच कळेल की एका क्लार्कने चूक केली आणि लपवली. त्याआधीची गोष्ट त्याहून बारकी आहे, आणि मी ती बायकोलाही कधी सांगितलेली नाही. त्या दुपारी तुम्ही पाठ कुठली म्हणून विचारलंत, तेव्हा धनुष्याच्या 'बॅक'चा अर्थ मला माहीत नव्हता, आणि ते मी सांगितलं नाही.