मागच्या डेकचा कठडा

४ जाने., रवि.
कठड्याचा दुसरा तुकडाही वाया गेला. मागच्या डेकची गोलाई घेताना पितळ उसळी मारतं, गोंद सुटतो आणि माझा पारा चढतो. सकाळपासून हेच चाललंय. जहाजाचं मॉडेल फूटभर लांब, कठड्याचे खांब केसासारखे, आणि माझी बोटं म्हणजे भेंड्या.
तोफा, रडार, होड्या, सगळं झालंय. राहिल्या फक्त शिड्या आणि कठडे. पितळी पत्र्यात मागच्या डेकला पुरेल एवढा एकच तुकडा शिल्लक. तो बिघडला तर नवा पत्रा यायला तीन महिने. दादाच्या डोळ्यांकडे तेवढे महिने आहेत का, कोणी सांगत नाही.
दादा, माझा थोरला भाऊ, शहाडला राहतो. हे मॉडेल ज्या जहाजाचं, त्यावर सहा वर्षं खलाशी होता. काचबिंदू. म्हणतो, नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि नळी बारीक होत चाललीय. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉ. स्पष्टच म्हणाले. त्याला नीट दिसतंय तोवर जहाज त्याच्यासमोर ठेवायचंय. बाकी काही नाही.

७ जाने., बुध.
एक शिडी पडली. नखाएवढी. फ्रिजवरचं चुंबक घेऊन अर्धा तास फरशीवर रांगलो. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "पितळ चिकटतं का हो चुंबकाला?"
मी रिटायर्ड ड्राफ्ट्समन. चुंबक परत फ्रिजवर लावलं.
ही म्हणते, सुमनला बोलवा. सुमन माझी धाकटी बहीण, डोंबिवलीला असते, घरबसल्या सराफांना नथी करून देते. म्हटलं, नथीचा आणि जहाजाचा काय संबंध?
शिडी मिळाली नाही.

११ जाने., रवि.
सुमन आली. हिनेच फोन केलेला, मला न विचारता.
आल्या आल्या टेबल बघितलं आणि जुना पांढरा पंचा मागितला. एक टोक टेबलाच्या कडेला पिनांनी लावलं, दुसरं कमरेला खोचलं. "आता काय पडायचं ते पडू दे, माझ्या मांडीतच येणार." मग बॅटरी फरशीवर आडवी ठेवून फिरवली. शिडीची सावली लांबच लांब पडली, कपाटाच्या पायाशी. दोन मिनिटं लागली असतील.
मी चहा करायला गेलो. तोंड लपवायला काहीतरी पाहिजे ना.

१३ जाने., मंगळ.
आज सुमनने मागच्या डेकचा शेवटचा तुकडा चिमट्यात धरला आणि सरळ गॅसकडे निघाली.
"अगं, वितळेल."
"भाऊ, गप्प बस जरा."
ज्योतीच्या वर, लांबून, एकदा इकडे एकदा तिकडे. रंग जरा काळवंडला, तसा बाजूला घेतला. थंड होऊ दिला. मग पेन्सिलीवर हळूच वळवला, आणि पितळ वळलेलंच राहिलं. उसळी नाही, काही नाही. नथीची तार आम्ही अशीच मऊ करतो, म्हणाली, त्यात काय एवढं.
आधी पांढरा गोंद, म्हणजे सरकवायला वेळ मिळतो. बरोबर बसल्यावर मग सुईच्या टोकाने इन्स्टंट गोंदाचा ठिपका. श्वास सोडून, हात थांबला की टेकवायचं. तिच्या हातांकडे बघतच राहिलो. अठरा खांब, सगळे उभे, कुठे गोंदाचा फुगवटा नाही. पुढचे उरलेले कठडे आणि शिड्याही मग तिलाच लावायला दिल्या.
तीस वर्षं मी सुमनच्या कामाला 'फावल्या वेळातलं' म्हणत आलो. आज लाज वाटली. तिला तसं सांगितलं. म्हणाली, "बरं. भिंग पूस ते."

१८ जाने., रवि.
रंग वाळला. काल दिवसभर बघत बसलो. असं काम माझ्या हातून झालं नसतं. बोटीवर 'मी केली' म्हणून पाटी लावायचा बेत होता, तो सोडला.
आज केकच्या खोक्यात ठेवून शहाडला नेली. सुमन आणि मी. रिक्षावाला विचारतो, "कोणाचा वाढदिवस, काका?"
दादाने खुर्ची खिडकीशी ओढली. एकदम अख्खं जहाज दिसतच नाही त्याला. मागून सुरुवात केली, मान इंचाइंचाने सरकवत. एकेक खांब बघत होता. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे.
मागच्या डेकच्या डाव्या कोपऱ्यावर थांबला. बराच वेळ.
"बाळ्या, हा कठडा इथे सरळ कसा?"
म्हटलं, सरळच असतो.
"आमचा नव्हता. बटाट्याची पोती चढवताना क्रेनची झोळी आदळली. क्रेनवाल्याला हाताने इशारे मीच करत होतो. मी होतो तोवर वाकलेलाच राहिला. सगळी पोरं मला त्या कोपऱ्यावरून चिडवायची." हसत होता. मग म्हणाला, "वाकवता येईल?"
मी नाही म्हणणार होतो. दुसरा तुकडा नाही, आणि एवढं देखणं काम. पण सुमनने पर्समधून चिमटा काढलाच होता.
"किती, दादा?"
"आत. अजून. अजून जरा. सुमे, बस."
तीन खांब वाकले. एकही सुटला नाही. सरळ बसवण्यापेक्षा हे अवघड, हे आता मला कळतं. दादा म्हणाला, "हां. हे आमचं जहाज."
जिन्यात सुमनला म्हटलं, तू ग्रेट आहेस. ती चप्पल घालत होती, ऐकू आलं की नाही कोण जाणे. पुन्हा म्हणालो.

२१ जाने., बुध.
दादाचा फोन. जहाज खिडकीत ठेवलंय, रोज सकाळी ऊन आलं की थोडं थोडं बघतो. कालपर्यंत वाकलेल्या कोपऱ्यावरच होता. आज पहिल्या शिडीपर्यंत आला.
म्हटलं, भरभर बघ ना. बोलून गेलो आणि जीभ चावली.
तो म्हणाला, भरभर बघण्यासारखं केलंय का तुम्ही?

२५ जाने., रवि.
दादा मधल्या डेकवर पोचलाय. सकाळी बॅटरी लावून बघावं लागतं म्हणाला, ऊन पुरत नाही. 
सुमनला कळवलं.  म्हणाली, पुढच्या टोकापर्यंत अजून सतरा खांब आहेत, भाऊ, आणि तिथला एकही मी घाईत लावलेला नाही.