पाटीवरच्या ‘न’ची भानगड

ता. ४ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, म्हणजे शुक्रवारपर्यंत होतो. ज्या भयपटाच्या पाट्या तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी रंगवल्या होत्या, त्याची नवी आवृत्ती शुक्रवारी लागली. या वेळी पाट्या मी रंगवल्या. सिनेमात दिसणाऱ्या बंगल्याच्या फाटकावरच्या पाटीसाठी रंगकामाच्या साहेबांनी जुन्या सिनेमातला फोटो दिला होता. त्यात ‘इथे थांबू का’ असं होतं. मला वाटलं, ‘थांबू नका’मधल्या ‘न’चा रंग उडाला असावा. तुमच्या हातून अक्षर राहील हे मनातही आलं नाही. मी ‘न’ घातला, ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासलं आणि पाटी दिली.

पहिल्याच खेळाला अर्धं थिएटर ओरडलं. भुताला नव्हे, ‘न’ला. जुन्या चाहत्यांचं म्हणणं, भूतच विचारतं की इथे थांबू का, आणि तोच सिनेमाचा जीव. तो काढून नगरपालिकेची सूचना लावली. नव्यांचं म्हणणं, धोक्याच्या पाटीने धोका सांगावा, परवानगी मागू नये. आमच्या न्हाव्याकडे दोन्ही पक्ष वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मी घरीच दाढी करतो.

साहेबांनी शनिवारपर्यंत लेखी खुलासा मागितला आहे. तुम्ही ‘न’ मुद्दाम गाळला असेल, तर मी न विचारता सिनेमाचा अर्थ बदलला, म्हणजे नोकरी गेली. चुकून राहिला असेल, तर वाचलो. १७ तारखेला चाहत्यांच्या सभेत तुम्ही प्रमुख पाहुणे आहात हे ठाऊक आहे. तरी खरं काय ते कळवावं.

लोभ आहे तो या पत्रानंतरही टिकावा.

आपला भाचा

ता. ६ मार्च

चि. वेलांटीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझ्याच पत्रातल्या वेलांट्या सुधारून ती परत पाठवायचास, तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा कार्टा एक दिवस मला बुडवणार.

‘न’ मी मुद्दाम गाळला नव्हता. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. शिडीवर उभा राहून ‘इथे थांबू’पर्यंत आलो होतो. तेवढ्यात चहावाल्याची मुलगी किटली घेऊन आली आणि तिने विचारलं की कप रिकामा होईपर्यंत इथे थांबू का. कान तिकडे गेला, हात त्याच्यामागून गेला. ती मुलगी म्हणजे तुझी मामी. दिग्दर्शकांनी पाटी बघून माझी पाठ थोपटली, म्हणाले की असा विचार करणारा रंगारी पाहिला नाही. पाठ थोपटली जात असताना तोंड उघडणं कठीण असतं, बाबा. पुढे चाहते अर्थ विचारू लागले आणि मी दर वर्षी नवा सांगू लागलो. गेल्या वर्षी तर परलोकापर्यंत जाऊन आलो.

मामीला यातलं काही माहीत नाही. नवरा विचारवंत आहे या समजुतीवर तिने माझं बरंच खपवून घेतलं आहे. पण पोराच्या पोटावर पाय देऊन मोठेपणा मिरवण्यात अर्थ नाही. हे पत्र साहेबांना दाखव.

एवढं काय लिहिताय, असं ती विचारते आहे. नळाची तक्रार म्हणून सांगितलं.

माया करणारा,
मामा

ता. ९ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दाखवलं नाही. पेटीत ठेवलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. खुलाशात लिहिलं की ‘न’ मी न विचारता घातला आणि चूक माझी. साहेब म्हणाले की सभेत तुमच्या तोंडून ऐकून मगच काय ते ठरवतील.

तरी सभेत नेहमीसारखाच एखादा अर्थ सांगावा, ही विनंती. मला पाट्या रंगवायला दुसरीकडे मिळतील. तुम्हाला मामी दुसरीकडे मिळणार नाही.

मामीला नमस्कार. तिला काही कळलं नसावं अशी आशा.

आपला भाचा

ता. १८ मार्च

चि. वेलांटीस,
अनेक आशीर्वाद.

पोट दुखतं म्हणून निरोप धाडलास आणि सभा चुकवलीस, म्हणून सविस्तर लिहितो. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं: शिडी, किटली, कान, हात. मामी पहिल्या रांगेत होती, म्हणून छताकडे बघून बोललो. टाळ्या पडल्या. जुने म्हणाले, केवढं हे मन, भाच्यासाठी माणूस स्वतःला वेंधळा म्हणवून घेतो. चाळीस वर्षं थापा मारल्या त्या खऱ्या धरल्या, एकदा खरं बोललो ती थाप ठरली. नवे म्हणाले, आम्ही सांगतच होतो. मागच्या बाकांवर तिसराच पक्ष निघाला. त्यांच्या मते हा भयपट नव्हेच, प्रेमपट आहे.

तुझे साहेब मात्र पोट धरून हसत होते. त्यांनी कानात सांगितलं की तरुणपणी शिडीखालून कोणी ‘सरका’ ओरडलं आणि त्यांनी कापडाच्या दुकानावर तेच लिहून टाकलं. तुझी नोकरी शाबूत आहे. यापुढे अक्षर घालण्याआधी विचारायचं, एवढंच.

घरी येऊन दार उघडल्यावर मामी म्हणाली की तिने साधं चहाचं विचारलं होतं, आणि मी चाळीस वर्षं जगभर सांगत फिरलो की हे भूत बोलतंय. मी नळ बघायला गेलो.

चाहत्यांच्या मंडळाची माणसं सकाळीच येऊन गेली. पुढच्या वर्षी प्रमुख पाहुणी ती आहे. मला मागे उभं राहायला जागा मिळेल असं म्हणाले.

तुझी तरी माया असू दे.

मामा