बाबांची दोन उत्तरं

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय चिंगे,

तुला, तुझ्या नवऱ्याला आणि दोन्ही पोरांना माझे आशीर्वाद. मुलांचे फोटो मिळाले. थोरलीचे पुढचे दोन्ही दात पडलेले बघून हसू आलं. नवे येतील ते आधी जरा तिरके दिसतील, घाबरून डॉक्टरकडे धावू नकोस. जागा मिळाली की आपोआप सरळ होतात. माझ्या मावशीपणाचा एवढाच काय तो उपयोग.

इकडे ठीक. लॅबमध्ये काम चिकार आहे, या आठवड्यात एकटीने नऊ कवळ्या पुऱ्या केल्या. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. बाबांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण जिना चढतात.

बाबा येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येताहेत. या वेळी पंधरा दिवस नाही, दोन महिने. तुला हे मागच्या आठवड्यातच फोनवर कळलंय. मला कळलं ते परवा, त्यांनी माळ्यावरची मोठी बॅग काढून दे म्हटल्यावर.

त्या दिवशी फोनवर तू मला विचारलंस, बाबांच्या मंडळात ती निनावी चिठ्ठी टाकणारा नीच माणूस कोण. मी म्हटलं, कोण जाणे. तू म्हणालीस, ताई, तू तिथे आहेस, शोधून काढ, एकोणीस वर्षं राबलेल्या माणसाला असं घालवतात का. मी म्हटलं, बघते. त्याबद्दलच लिहायला बसलेय. पण त्याआधी कवळीचं सांगते.

जानेवारीत बाबा तुझ्याकडून परत आले ते गाल धरूनच. वरची कवळी टोचते म्हणाले. ती मीच केलेली, तुला माहीत आहे. त्यांच्या जबड्याचा साचा मला झोपेतही ओळखता येईल. मला वाटलं हिरडी बसली असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी कवळी लॅबमध्ये नेली आणि दिव्याखाली धरली. आतल्या बाजूला, दाढेच्या मागे, केसाएवढा एक काटा रुतून बसला होता. चिमट्याने काढून मी तो पांढऱ्या कागदावर ठेवला. पंधरा वर्षं हे काम करतेय, लोकांच्या कवळ्यांत काय काय सापडतं ते मला कोणी शिकवायला नको. पण आपल्या बाबांच्या? शाकाहार मंडळाच्या चिटणिसांच्या?

घरी येऊन कवळी त्यांच्या हातात दिली. काटा होता म्हटलं. त्यांनी ती तोंडात बसवली, दोनदा चावून बघितलं आणि म्हणाले, “आता छान बसली.” मग वर्तमानपत्र उघडलं. थोड्या वेळाने पानाआडून म्हणाले, “धाकटी प्रेमाने वाढते गं. नाही म्हणवत नाही.”

नाही म्हणवत नाही. हे चार दिवस माझ्या डोक्यात घुमत होतं.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. आई गेल्यावर वर्षभराने बाबांनी एका दिवसात सगळं सोडलं. तोवर आपल्या घरात मासे सगळ्यात जास्त कोण खात असे? मी. आई तळणीपाशी उभी असायची आणि पहिला तुकडा माझा. बाबांनी सोडलं तसं मीही सोडलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एकट्याने भाजीभात खायचा आणि मी समोर बसून दुसरं काही, हे मला बघवलं नसतं. तूही सोडलंस म्हणे. पण मैत्रिणीकडून आलीस की तुझ्या हातांना वास यायचा. मी बाबांकडे बघायचे, ते म्हणायचे, लहान आहे. तू पंधराची झालीस, सतराची झालीस, तरी लहानच होतीस.

आता जे लिहिते ते मी तुला कधी बोलले नाही.

आमच्या लॅबमध्ये दातांना रंग देणारा एक जण आहे. तू त्याला एकदा पाहिलं आहेस, माझा विसरलेला डबा घ्यायला घरी आला होता, उंच, जरासा वाकून चालणारा. अकरा वर्षांपूर्वी त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. मग तो बाबांना भेटायला आला. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. बाबांनी त्याची नोकरी विचारली, घर विचारलं आणि खाण्यापिण्याचं विचारलं. त्याने सरळ सांगितलं, मटण-कोंबडी नाही, फक्त मासे. तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, “मासे खाणारा तो मांसाहारीच. यात अर्धंमुर्धं काही नसतं. मंडळात मी कोणत्या तोंडाने बसू?”

मी त्याला नाही म्हणून सांगितलं. त्याने मासे सोडतो असंही म्हणून पाहिलं. मलाच ते बरं वाटलं नाही. माझ्यासाठी कोणी ताटातलं काही सोडावं हे मला मागता येत नव्हतं. तो अजून माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. त्याची बायको डबा छान देते. वास येतो.

आणि मग दोनच वर्षांनी तू आलीस, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घेऊन. त्याच्या घरचे सगळे बैठकीत बसले होते. त्याची आई संकोचून म्हणाली, आमच्याकडे मासे होतात हो, तुम्हाला चालेल ना? बाबा हसले. म्हणाले, “बंदरावरची माणसं तुम्ही. बाकी काही खात नाही ना? मग शाकाहारीच म्हणायचे तुम्हाला.” सगळे हसले. तू सगळ्यात मोठ्याने हसलीस. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. कप खाली ठेवून आत गेले आणि साखर आणायच्या निमित्ताने बराच वेळ आतच राहिले.

तुझ्यावर राग नव्हता असं म्हणणार नाही. होता. तुझ्या लग्नात तुझ्या केसांना पिना लावताना दोनतीन मी मुद्दाम घट्ट लावल्या.

तरी मी गप्प होते, चिंगे. नऊ वर्षं. म्हटलं, ती लांब आहे, तिथलं तिथे. इथे बाबा माझ्या हातचं खातात, माझ्या शिस्तीत राहतात, त्यांनी एवढं तरी माझं ठेवलंय. आणि तो काटा निघाला. म्हणजे तेही तुझं.

मंडळाची दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभा असते. दारापाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, झाकणाला चीर पाडलेली. कोणाला काही शंका असली तर चिठ्ठी लिहून टाकायची, चिटणीस ती वाचून उत्तर देणार. म्हणजे बाबाच. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी चहाची मदत करायला लवकर गेले आणि त्यात चिठ्ठी टाकली. डाव्या हाताने लिहिलेली.

ती मी होते. झालं लिहून.

बाबांनी चष्मा पुसला, चिठ्ठी उलगडली आणि शेवटपर्यंत वाचली. “मासे खाणाऱ्याला शाकाहारी म्हणता येतं का? येत नसेल, तर तो या मंडळाचा चिटणीस कसा?”

खोलीत वीसबावीस माणसं होती. औषधाच्या दुकानवाल्यांना वाटलं कोणीतरी गंमत केलीय. ते म्हणाले, माशाचं रक्त थंड असतं, म्हणून काही जण त्याला मांसात धरत नाहीत. पोहायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, गळाला लागलेला मासा बघा एकदा, मग रक्ताचं बोला. कोणी अंड्यांचं काढलं. पाचदहा मिनिटं नुसता गलका. शेवटी अध्यक्ष म्हणाले, खोडसाळपणा आहे, पुढची चिठ्ठी घ्या.

बाबांना तेवढं पुरलं असतं. माझी तीच अपेक्षा होती. ते गडबडतील, विषय टाळतील, माझ्याकडे बघतील, आणि यापुढे तुझ्याकडे गेले तरी तुझ्या ताटाला हात लावणार नाहीत. मला त्यांना मंडळातून घालवायचं नव्हतं गं. मला त्यांना तुझ्या पंगतीतून उठवायचं होतं.

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “म्हणता येत नाही. मी धाकट्या मुलीकडे गेलो की मासे खातो. चार वर्षं झाली. तेव्हा मी शाकाहारी नाही.” मंडळाच्या वहीवर कपाटाची किल्ली ठेवली आणि काठी शोधू लागले. अध्यक्ष बसा बसा म्हणत होते. काठी मीच उचलून दिली.

परत येताना बसथांब्यावरच्या बाकावर ते टेकले. मी उभीच होते. समोरच्या सायकलच्या दुकानात एक बाई चाकाचं पंक्चर काढून घेत होती, आम्ही दोघं तिकडे बघत होतो.

“डाव्या हाताने लिहिलंस तरी प्रश्न तुझाच आहे,” बाबा म्हणाले. “घरी विचारायचास.”

“घरी विचारला होता. अकरा वर्षांपूर्वी. तुम्ही उत्तर दिलं होतंत.”

त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली. मला वाटलं आता चिडतील. मग अगदी हळू म्हणाले, “ते उत्तर माशांचं नव्हतं. धाकटी राहणाऱ्यातली नव्हती, ते मला दिसत होतं. तूही गेली असतीस तर त्या घरात मी एकटा. मला दुसरं काही कारण सापडलं नाही.”

हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला. म्हणजे त्यांना मी हवी होते. तुला जाऊ दिलं, मला नाही. बस आली, आम्ही चढलो, दोन थांबे गेले तोवर तो आनंद टिकला. मग मला तो उंच, वाकून चालणारा माणूस आठवला, आणि त्याने मासे सोडतो म्हटलं तेव्हाचा त्याचा चेहरा. मी बसमध्येच रडले. बाबांनी रुमाल काढून नुसता मांडीवर ठेवला, माझ्या हातात द्यायचं धाडस त्यांना झालं नाही.

त्यानंतर दीड महिना आम्ही कामापुरतंच बोललो. परवा बॅग भरताना ते म्हणाले, दोन महिने जातो, तुला घर मोकळं मिळू दे. मग म्हणाले, तू पण चल. मी नाही म्हटलं. तुझ्या घरी, तुझ्या टेबलाशी, तू त्यांच्या पानात वाढत असताना मला बसता येईल का, ते मला अजून ठाऊक नाही.

हे पत्र त्यांच्याच बरोबर पाठवतेय. पाकीट बंद आहे, पण आत काय आहे ते त्यांना माहीत आहे. त्यांना काही विचारू नकोस. जे खातील ते वाढ. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, आणि फोनवर नको, इथे येऊन भांड. आई गेल्यापासून आपण दोघी एकदाही नीट भांडलेलो नाही.

मन हलकं झालं, तुझ्याबद्दल आता काही नाही, असं लिहून टाकणं सोपं होतं. तसं नाही झालेलं. शुक्रवारी मी त्यांना गाडीत बसवून देईन, पाण्याची बाटली देईन, गोळ्यांची पुडी देईन. ते खिडकीतून हात हलवतील. आणि गाडी सुटायच्या आधीच त्यांचं तोंड तुझ्या दिशेला वळलेलं असेल. ते मला दिसेल.

हे वाचूनही तसं म्हणावंसं वाटलं तर,

तुझी
ताई